विभूती लावलेली हार्ड डिस्क

पेटी उघडली तेव्हा आतल्या हार्ड डिस्कवर विभूतीचे तीन आडवे पट्टे होते. वर हळद-कुंकवाचा ठिपका, आणि कोपऱ्यात झेंडूची एक वाळलेली पाकळी. मी पेचकस बाजूला ठेवला आणि एकटीच हसायला लागले. आमच्या घरी मिक्सरपासून मोटरसायकलपर्यंत सगळ्यांना विभूती लागते, पण ती बाहेरून लागते. ही पेटीच्या आत कशी पोचली?

पेटी म्हणजे व्हिडिओ गेमचा जुना कन्सोल. काळा, जड, टीव्हीला जोडून खेळायचा. आम्ही सगळे त्याला पेटीच म्हणायचो. लातूरला आल्यापासून ती कपाटावर पडून होती. ती आता खाली काढायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज बसला. तसं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आई बोलते, पण चुलीवर फुंकर घातल्यासारखं. वरचा सूर लागतच नाही. आणि माझी चुलतबहीण वर्षाराणी हिची हळद पुढच्या आठवड्यात नांदेडला होती.

आमच्या घराण्यात हळदीला एक गाणं म्हणतात. आईनं ते तिच्या उदगीरच्या माहेरातून आणलं. ‘गौराईच्या अंगाला हळद लागली’ अशी सुरुवात, आणि मधे मधे ‘बा तायी बा’ असं कन्नड धृपद: ये माय, ये. आई आणि साखराकाकू या दोघी जावा मिळून ते म्हणायच्या. शब्द सगळ्यांना पाठ आहेत, अडचण चालीची आहे. दुसऱ्या कडव्यात चाल एकदम वर उडी घेते. ती उडी आई घ्यायची, काकू खालून सूर धरायची. वर्षाराणीला ते गाणं शिकायचं होतं आणि आपल्या हळदीत स्वतः म्हणायचं होतं. तिनं काकूला विचारलं, तर काकू म्हणाली, “मला खालचंच येतं गं. वर अक्का असायची.” आई शिकवायला बसली. उडीपाशी आली, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. त्यानंतर तिनं त्या गाण्याचा विषयच काढला नाही.

गाणं एकदा एका लग्नात रेकॉर्ड झालं होतं. त्याची सीडी होती. ती सीडी पुढे रेणापूरच्या शेतात पेरूच्या झाडाला टांगली गेली, पाखरं हाकलायला. मग परवा सोमेशदादाचा, म्हणजे वर्षाराणीच्या भावाचा, फोन आला.

“शिल्पे, एक आठवलं. ती सीडी मी पेटीत भरली होती.”

“पेटीत कशाला?”

“गाडीच्या गेममधी लावायला. पेटीत सीडी घातली की गाणी आतल्या डिस्कवर कॉपी व्हायची. मग रेस खेळताना मागं आपलंच गाणं. आई अन् काकू गाऊन राहिल्या अन् मी गाडी पळवून राहिलो.”

“कुठल्या पेटीत? तुमच्या की आमच्या?”

“तुमच्या. आमच्या पेटीचा सीडीचा दरवाजा अडकायचा.”

पेट्या दोन होत्या, कारण आमच्या घरात सगळंच दोन येई. रेणापूरच्या एकत्र घरात आईला कुकर आला की काकूलाही तसलाच कुकर. साडी आली तर दोन, एकाच रंगाच्या. मामा हैदराबादच्या जुन्या बाजारातून कन्सोल घेऊन आले, तेही जुळे. एक थोरल्याच्या पोरांना, एक धाकट्याच्या. मग एका दसऱ्याला दोन्ही पेट्या एकाच वेळी बंद पडल्या. काकू म्हणाली, दृष्ट लागली. आई म्हणाली, लाईट कमीजास्त झाली. पुढे वाटणी झाली. आम्ही लातूरला आलो, काका-काकू नांदेडला गेले, आणि जाताना दोन्ही घरांनी आपापली मेलेली पेटी इमानदारीनं सोबत नेली.

मी नुकतीच भौतिकशास्त्रात एमएस्सी झाले आहे. त्याआधी बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स होतं. फोन ठेवल्या ठेवल्या मी पेटी खाली घेतली, टीव्हीला लावली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर एक एरर नंबर आला. नंबर आला म्हणजे पेटी मेलेली नव्हती. काहीतरी तपासून, विचार करून ती नकार देत होती. मला एवढा आनंद झाला, की मी आधी त्या नंबराचा फोटो काढला आणि मग त्याचा अर्थ शोधला.

अर्थ असा: बोर्ड आणि डिस्क यांचं जमत नाही. या कन्सोलच्या डिस्कला कुलूप असतं. बोर्डावर एक बारीक चिप असते, तिच्यात किल्ली. डिस्कला तिचा स्वतःचा क्रमांक. किल्ली आणि क्रमांक मिळून एक पासवर्ड तयार होतो, आणि तो बरोबर मिळाला तरच डिस्क उघडते. दुसऱ्या कुठल्याही बोर्डाला किंवा कॉम्प्युटरला ती एक अक्षर वाचू देत नाही.

मग किल्ली खराब झाली असेल, असं मला वाटलं. घड्याळासाठी बसवलेल्या कपॅसिटरमधून चिकट रस गळला होता आणि बोर्डाच्या तांब्याच्या रेषा खात होता. तो काढून टाकला, स्पिरिटनं जागा धुतली, मल्टिमीटर लावून एकेक रेष तपासली. किल्लीच्या चिपपर्यंत रस पोचला नव्हता. तिच्या पायांना बारीक तारा सोल्डर केल्या, तारा कॉलेजच्या प्रोजेक्टमधल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडल्या, आणि पहिल्याच प्रयत्नात किल्ली लॅपटॉपवर आली. अंकांची आणि अक्षरांची एक ओळ. मी ती मोठ्यानं वाचली. स्वयंपाकघरातून आई डोकावली.

“मंत्र म्हणायलीस का?”

“हाव. कुलूप उघडायचा.”

पासवर्ड काढला. डिस्क लॅपटॉपला जोडली. पासवर्ड दिला. नकार. गणित पुन्हा केलं, दुसऱ्या पद्धतीनं पडताळलं. नकार. किल्ली शाबूत होती, हिशेब बरोबर होता, डिस्क फिरत होती. तिन्ही गोष्टी ठीक आणि उत्तर चूक. अशा वेळी गृहीत धरलेली चौथी गोष्ट शोधायची असते. माझी नजर पुन्हा त्या तीन पट्ट्यांवर गेली.

अप्पा दुकानातून जेवायला आले होते. गंजगोलाईत आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मी डिस्क त्यांच्या ताटाशेजारी नेऊन धरली.

“अप्पा, हिला विभूती तुम्ही लावली?”

“मग कोण लावणार? खंडेनवमी होती.”

“पण पूजा पेटीची करायची ना? वरून?”

“ट्रॅक्टरची पूजा ताडपत्रीला करते का कुणी?” अप्पांनी भाकरी मोडली. “यंत्र आत हाय. पेटी म्हणजे नुसतं टरफल. पूजा यंत्राला पोचली पाहिजे.”

“म्हणून उघडली?”

“उघडली. धूळ झाडली. हे मधलं काढलं, यंत्राचं डोकं वाटलं ते.”

“आणि काकांची पेटी?”

“तीही उघडली. एकीची केली अन् दुसरीची नाही, असं झालं असतं तर तुझ्या काकूनं पुढच्या दसऱ्यापर्यंत ऐकवलं असतं.”

“दोन्ही एकदम?”

“एकाच पाटावर. शेजारी शेजारी. विभूती, हळद-कुंकू, फूल. आरती झाली, मग जिचं तिला बसवून टाकलं.”

“जिचं तिलाच, कशावरून?”

अप्पांचा घास हातातच राहिला. ते डिस्ककडे बघत राहिले.

“सारखीच तर होती दोन्ही,” ते म्हणाले.

आई दारात उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या हसण्याला आता आवाज नसतो, खांदे तेवढे हलतात.

दृष्ट नाही, लाईट नाही. दोन पेट्या एकाच दिवशी बंद पडण्याचं कारण एकच असू शकत होतं, आणि ते माझ्यासमोर भाकरी खात होतं. डिस्कांची अदलाबदल झाली होती. माझ्याजवळची डिस्क काकांच्या पेटीतली होती. आईच्या गाण्याची डिस्क नांदेडला होती, आणि तिची किल्ली माझ्या लॅपटॉपवर. मी तिथंच उभी राहून टाळी वाजवली. अप्पा म्हणाले, “माझी चूक सापडली तर एवढा आनंद?”

मी सोमेशदादाला फोन लावला.

“दादा, तुमची पेटी आहे ना अजून?”

“माळ्यावर हाय.”

“तिच्यातली डिस्क?”

“ती मी काढली होती. कॉम्प्युटरला जागा कमी पडत होती तवा.”

“मग?”

“शिल्पे, चिडू नको बरं. फॉरमॅट मारायला गेलो होतो.”

“मारलं?”

“लई मारलं. होतंच नव्हतं. दरवेळी एरर. म्हटलं बाद झाली, ठेवली खणात टाकून.”

मी पलंगावर बसले. “दादा, ती बाद नाही. तिला कुलूप आहे. कुलूपबंद डिस्क वाचता येत नाही, तशी पुसताही येत नाही.”

“म्हणजे आत सगळं तसंच हाय?”

“तसंच. ती बरोबर पेटीत असती तर पेटी चालू राहिली असती. मग तू रेस पुसून नव्या रेस भरल्या असत्या, गाणी काढून टाकली असती. अप्पांनी तिला चुकीच्या पेटीत कोंडलं, म्हणून वाचली.”

हे अप्पांनी ऐकलं. जेवून उठता उठता म्हणाले, “पूजेचं फळ उशिरा मिळतं, पण मिळतं,” आणि दुकानात निघून गेले. संध्याकाळपर्यंत गोलाईतल्या निम्म्या दुकानांना हे कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी, किल्ली आणि बाजारातून आणलेली नवी एसएसडी, म्हणजे हल्लीची छोटी डिस्क, घेऊन नांदेडला निघाले, तर आई चपला घालून तयार.

“मी पण येते. हळदीची तयारी हाय,” ती म्हणाली. गाण्याचं नाव तिनं घेतलं नाही.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, कुठं. आईनं सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. तो वाकून म्हणाला, “मावशी, जरा मोठ्यानं बोला की.” आईनं ओठ मिटले आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिकिटं मी काढली. पेटी माझ्या मांडीवर होती. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि सगळा रस्ता मी मनात पायऱ्या घोकत होते: क्रमांक विचारायचा, पासवर्ड काढायचा, कुलूप उघडायचं, मग आधी प्रत.

काकूच्या बैठकीत रुखवताचं सामान पसरलं होतं. वर्षाराणीनं टेबलावरचे रव्याचे लाडू आणि मण्यांचे मोर उचलून दिवाणावर ठेवले. सोमेशदादानं डिस्क आणली. तिच्यावरही विभूतीचे तीन पट्टे होते, अगदी तसेच.

“भाऊजींनी काही कसर ठेवली न्हाई,” काकू म्हणाली. “मी तर इतकी वर्षं समजायची, की तुमच्या शिल्पीनं आमची पेटी बिघडवली.”

“आणि आम्ही समजायचो सोमेशनं,” आई कुजबुजली.

“समजायचो कशाला, काकू, बोलून दाखवायच्या तुम्ही,” सोमेशदादा म्हणाला.

डिस्क लॅपटॉपला जोडली. ती फिरायला लागली, पण कुरकुरत, जात्यात खडा आल्यासारखी. मी तिला क्रमांक विचारला. तिनं दिला. किल्ली आणि क्रमांक एकत्र घालून पासवर्ड काढला आणि टाकला.

नकार आला नाही. मी डिस्कची स्थिती विचारली. जिथं कुलूपबंद असं यायचं, तिथं आलं: खुली.

“उघडली,” मी म्हणाले. माझाच आवाज चिरकला. वर्षाराणीनं माझ्या पाठीत एक धपका घातला.

आता प्रत घ्यायची होती, डिस्कवरच्या प्रत्येक अक्षराची, नव्या एसएसडीवर. सुरुवात केली. थोडी पुढे गेली आणि अडखळली. कुरकुर थांबून टकटक सुरू झाली.

“घड्याळ लागलं का हिला?” काकूनं विचारलं.

टकटक म्हणजे वाचणारी सुई एकाच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. असं चालू ठेवलं तर डिस्क गाण्यापर्यंत पोचायच्या आधीच जीव सोडणार. मी प्रत थांबवली. सगळे माझ्याकडे बघत होते. आई बघत नव्हती. ती मण्यांच्या मोराची शेपटी सरळ करत बसली होती.

मी या कन्सोलच्या डिस्कची मांडणी कागदावर काढली. सुरुवातीच्या भागात खेळ चालू असताना लागणारी तात्पुरती माहिती, म्हणजे कचराच. खेळाडूंनी साठवलेल्या गोष्टी, गाणीसुद्धा, सगळ्यात शेवटच्या भागात. आणि मी सुरुवातीपासून वाचत होते.

“उलटं वाचते,” मी म्हणाले. “शेपटीकडून तोंडाकडं.”

“उलटं वाचलं तर गाणं उलटं येईल की,” सोमेशदादा म्हणाला.

“दादा, पोत्यातले लाडू खालून काढले म्हणून चौकोनी होतात का?”

डिस्क तापली होती. वर्षाराणीनं रुखवतातला नवा विंझणा उचलला, आरशा-झालरीचा, आणि वारा घालायला लागली. “माझ्या सासूला कुणी सांगू नका,” ती म्हणाली. मी शेवटाकडून सुरुवात केली. टकटक नाही. नुसती कुरकुर. आकडा सरकायला लागला. शेवटचा भाग पूर्ण आला, एकही जागा न गाळता. मग मधला आला. सुरुवातीच्या खराब जागेपाशी पुन्हा टकटक झाली, तेव्हा मी तिला तिथंच सोडलं. तो कचरा कुणाला हवा होता.

पुढचं काम नाजूक होतं. पेटी बिनकुलपाची डिस्क घेत नाही, म्हणून त्याच किल्लीतून आणि एसएसडीच्या स्वतःच्या क्रमांकातून नवा पासवर्ड काढला आणि तिला कुलूप लावलं. जुन्या बोर्डाची केबल रुंद, एसएसडीचं तोंड अरुंद. मधे अडॅप्टर बसवला. जिथं विटेएवढी डिस्क असायची, तिथं आता पत्त्यांच्या कॅटएवढी एसएसडी बसली आणि उरलेल्या जागेत काकूची विड्याच्या पानांची डबी मावली असती. सोमेशदादानं टीव्हीला वायर लावली. बटण मी दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच. मग हिरवा प्रकाश पसरला आणि पेटीची जुनी सुरुवात झाली, तो घुमणारा आवाज. सोमेशदादा तिशीचा माणूस, नोकरीवाला, तो जमिनीवर मांडी घालून टीव्हीच्या अगदी जवळ सरकला. “वर्षे, बघ, माझ्या सगळ्या रेस हायेत.”

“गाणं लाव,” वर्षाराणी म्हणाली.

गाण्यांच्या यादीत त्याचं नाव त्यानं ‘रेस एक’ ठेवलं होतं. मी ते निवडलं.

आधी भांड्यांचा आवाज आला, मग कुणाचं तरी लहान मूल, मग टाळ्यांचा ठेका. आणि आई. मला तो आवाज माहीत होता, तरी तो कुठून येतोय ते बघायला मी आईकडे वळले. ती टीव्हीकडे मान तिरकी करून ऐकत होती, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तशी. काकूचा सूर खालून आला. पहिलं कडवं, धृपद, दुसरं कडवं. उडी आली. आवाज पायरी न शोधता वर गेला आणि तिथं थांबला, आणि खाली काकूचा सूर तसाच धरलेला.

गाणं संपलं.

“साखरा,” आई कुजबुजली, “तू धृपदात घाई करायलीस.”

काकूनं डोळे पुसणारे हात खाली घेतले. “मी? अक्का, पट्टी तुझी उतरलीय.”

“थंडी होती त्या दिवशी.”

“थंडी मला न्हवती का?”

“पुन्हा लाव,” आई मला म्हणाली. “दुसऱ्या कडव्यापासनं.”

मी लावलं. पुन्हा लावलं. आईनं टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि वर्षाराणीला समोर ओढून बसवलं. वर्षाराणी गाण्याबरोबर गात गेली आणि उडीपाशी तिचा आवाज फाटला. सोमेशदादा हसला, तर काकूनं त्याला विंझण्यानं मारलं. आईनं हात वर नेऊन दाखवलं, सूर कुठून निघतो आणि किती जातो. वर्षाराणीनं पुन्हा केलं. या वेळी जवळ गेली, पण थोडं खालीच थांबली. पुढच्या वेळी ती गाताना टीव्हीकडे बघत होती, डोळे बारीक करून, जसं काही उत्तर तिथं लिहिलेलं होतं.

आईनं माझ्याकडे बघितलं.

“पेटी बंद कर.”

“आत्ताच तर चालू झाली,” सोमेशदादा म्हणाला.

“पेटीकडं बघून गायली तर पेटीसारखंच गाईल. माझ्याकडं बघ, वर्षा. कुठं श्वास घ्यायचा ते मी दाखवते.”

मी बटण दाबलं. पंखा थांबला. आईनं ठेका धरला, काकूनं खालचा सूर लावला आणि वर्षाराणीनं तोंड उघडलं.